मोठं माणूस लागतं

मशीनने नानांचा अंगठा ओळखला नाही. मग तर्जनी, मग मधलं बोट, मग रुमालाने पुसून पुन्हा अंगठा. नाहीच. माझे वडील चौतीस वर्षं लेथवर टर्नर होते. कूलंटने आणि लोखंडाच्या किसाने बोटांवरच्या रेषा कधीच्याच पुसून टाकल्या आहेत. आम्ही हयातीचा दाखला काढायला गेलो होतो. पेन्शन चालू राहायचं तर वर्षातून एकदा आपण जिवंत असल्याचं दाखवावं लागतं. डोळ्यांचं मशीन त्या दिवशी बंद होतं. काउंटरवरच्या मुलाने स्क्रीनवरून नजर न हलवता सांगितलं, "काका, सोमवारी या."

परतताना रिक्षात नाना बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "जिवंत आहे का, हे दर वर्षी विचारतात. जिवंत राहून काय करतोस, हे रिटायर झाल्यापासून एकानेही विचारलं नाही."

हे ऐकलं आणि मला एक गाणं आठवलं. कॉलेजात असताना शंभरदा ऐकलेलं, पण कधी नीट न ऐकलेलं. बीटल्स या इंग्रज बँडचं 'व्हेन आय एम सिक्स्टी-फोर'. १९६७ च्या 'सार्जंट पेपर्स लोन्ली हार्ट्स क्लब बँड' या तबकडीवर ते आहे. चाल खेळकर, क्लॅरिनेटची लाडिक साथ, त्यामुळे गमतीचं गाणं म्हणून ते सोडून दिलं जातं. एक तरुण आपल्या मैत्रिणीला पत्रातून विचारतोय: मी म्हातारा होईन, केस गळतील, चौसष्ट वर्षांचा होईन, तेव्हाही मी तुला लागेन का? आणि मला जेवू घालशील का? इंग्रजीत या दोन प्रश्नांचं यमक जुळतं. ते एका दमात म्हटले जातात आणि ऐकणाऱ्याला वाटतं, प्रश्न एकच आहे. ते दोन आहेत. म्हातारपणाबद्दल आपण सरकार म्हणून, समाज म्हणून, लेकरं म्हणून जे काही करतो, ते दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे. पहिल्या प्रश्नाला आपण हातच लावलेला नाही, आणि माणूस खचतो तो त्या पहिल्या प्रश्नाने.

गाणं कुठून आलं ते आधी सांगते, कारण त्यातच बरंच काही आहे.

लिव्हरपूलमध्ये फोर्थलिन रोडवर २० नंबरचं एक साधं घर आहे, नगरपालिकेने भाड्याने दिलेलं. हे गाणं करणाऱ्या, बीटल्समधल्या पॉल मॅकार्टनीचं कुटुंब तिथे १९५५ साली राहायला आलं. आई मेरी नर्स आणि सुईण. वडील जिम कापसाच्या व्यापारात सेल्समन. (लिव्हरपूलच्या कापूसबाजाराचं आणि आपलं जुनं नातं आहे. अमेरिकेत १८६१ ला यादवी पेटली, तिथला कापूस थांबला आणि मुंबईचा कापूस मोठ्या प्रमाणावर लिव्हरपूलला जाऊ लागला. मुंबईतल्या कित्येक इमारती त्या पैशावर उभ्या राहिल्या.) जिम तरुणपणी स्वतःचा छोटा जॅझ बँड चालवायचे, ट्रम्पेट वाजवायचे, घरी पियानोवर बसायचे. ऑक्टोबर १९५६ मध्ये मेरी गेल्या. स्तनाचा कर्करोग होता, वय ४७. थोरला पॉल तेव्हा चौदा वर्षांचा होता.

त्याच घरात, त्याच पियानोवर, साधारण सोळाव्या वर्षी पॉलने ही चाल केली. शब्द बरेचसे पुढे आले. बीटल्स जेव्हा लिव्हरपूलच्या कॅव्हर्न क्लबच्या तळघरात वाजवायचे, तेव्हा ॲम्प्लिफायर बंद पडले की पॉल पियानोवर बसून ही चाल वाजवायचा आणि लोकांना धरून ठेवायचा, असं सांगतात.

लोक नवल करतात, सोळा वर्षांच्या पोराला चौसष्टाव्या वर्षाचं काय कळणार? मला वाटतं, त्याला नको तितकं कळलं होतं. ज्या घरात तो पियानोवर बसला होता, त्या घरातली दोन माणसं एकत्र म्हातारी होणार नव्हती. ते ठरून गेलं होतं. त्या घरात एक पन्नाशीतला माणूस रोज कामावरून येऊन दोन मुलांसाठी चूल पेटवत होता, आणि त्याला 'मी तुला लागेन का' असं विचारायला समोर कोणी नव्हतं. पॉलने हे डोळ्यांसमोर ठेवून चाल बांधली असं मी म्हणत नाही. पण गाण्यातल्या नवराबायकोचा जो साधा संसार आहे, शेकोटीजवळ स्वेटर विणणं, रविवारी सकाळी गाडीतून फेरफटका, बागेतलं तण उपटणं, पैसे साठवून उन्हाळ्यात आइल ऑफ वाइट बेटावर एखादं छोटं घर भाड्याने घेणं, तो त्या मुलाने आपल्या वडिलांच्या हातून निसटताना पाहिला होता.

ध्वनिमुद्रण झालं ६ डिसेंबर १९६६ ला, लंडनमध्ये ॲबी रोडवरच्या ईएमआय या रेकॉर्ड कंपनीच्या स्टुडिओत. त्या वर्षी ऑगस्टमध्ये बीटल्सने दौरे कायमचे थांबवले होते. बीटल्समधला गिटारवादक जॉर्ज हॅरिसन नुकताच मुंबईहून परतला होता. पंडित रविशंकरांकडे सतार शिकायला तो आला होता आणि ताजमहाल हॉटेलात उतरला होता. पुढे तबकडीच्या दुसऱ्या बाजूला पहिलं गाणं हॅरिसनचं आलं, दिलरुबा आणि तबल्याच्या साथीचं, आणि त्याला लागूनच हे. एकीकडे मी कोण, सगळं आत आहे की बाहेर, हा विचार. आणि तो संपतो न संपतो तोच, मला जेवू घालशील का. मला हा शेजार फार आवडतो.

क्लॅरिनेट २१ डिसेंबरला घेतले, दोन साधे आणि एक खर्जातला. त्यांची मांडणी निर्माते जॉर्ज मार्टिन यांची. आणि शेवटी एक गोष्ट केली गेली, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. टेपचा वेग किंचित वाढवला. मूळ गाणं होतं त्याच्या अर्ध्या स्वराने वर गेलं आणि चोवीस वर्षांच्या गायकाचा आवाज आणखी कोवळा झाला. पॉलला तसंच हवं होतं. म्हातारपणाच्या गाण्यात आवाज थरथरता, जाड, थकलेला करता आला असता. आपल्याकडे तर वय झालेलं दाखवायचं म्हटलं की नट आधी खोकायला लागतो. इथे उलटं केलं. हा प्रश्न तरुण गळ्यातूनच यायला हवा, असं जणू ते यंत्र सांगतंय.

आणि खरंच तसं आहे. मी तुला लागेन का, हा प्रश्न चौसष्टाव्या वर्षी विचारून उपयोग नसतो. तेव्हा उत्तर देणारा अवघडतो, विचारणारा लाजतो. तो विचारायचा सोळाव्या, चोविसाव्या वर्षी, जेव्हा अजून घर बांधायचंय, गाव ठरवायचंय, कायदे करायचेत. आपण मात्र तो पुढे ढकलत ढकलत निवृत्तीच्या निरोपसमारंभापर्यंत नेतो. तिथे शाल, श्रीफळ, भाषणं, आणि 'आता आराम करा' हे वाक्य. मी त्या वाक्याला फार घाबरते.

चौसष्ट हा आकडाही बघा. त्या काळच्या ब्रिटनमध्ये पुरुषाला सरकारी पेन्शन पासष्टाव्या वर्षी मिळे. चौसष्ट म्हणजे उंबरठ्यावरचं वर्ष. गाणं मुद्रित झालं त्याच वर्षी जुलैमध्ये जिम मॅकार्टनी चौसष्टचे झाले होते. त्या देशात १९०९ पासून सत्तरीपुढच्या गरीब म्हाताऱ्यांना आठवड्याला पाच शिलिंग मिळू लागले, तेव्हा वर्कहाउसमध्ये, म्हणजे निराधारांना राबवून घेत ठेवायच्या आश्रमात, मरण्याची भीती कित्येकांच्या मानेवरून उतरली. जेवू घालणं ही लहान गोष्ट नाही. मी ती लहान करत नाहीये. आपल्याकडे आजही निराधार म्हाताऱ्यांच्या पेन्शनमध्ये केंद्राचा वाटा ऐंशीच्या आतल्यांना महिन्याला दोनशे रुपये आहे. नानांसारख्यांच्या ईपीएस, म्हणजे कर्मचारी पेन्शन योजनेतल्या, पेन्शनची किमान रक्कम २०१४ पासून हजार रुपये आहे. तिथे लढायला भरपूर वाव आहे आणि लढणाऱ्या संघटनांच्या मोर्चाला मी स्वतः जाऊन उभी राहते.

पण नीट पाहिलं तर आपली सगळी धोरणं याच एका रांगेत आहेत. २००७ च्या कायद्याने आईवडिलांना पोसणं मुलांवर बंधनकारक झालं, न पोसल्यास न्यायाधिकरणाकडे जाता येतं. चांगला कायदा आहे. २०२२ पासून पंच्याहत्तरीपुढच्यांना एसटी फुकट आहे. २०२४ साली वयोश्री योजनेतून पासष्टीपुढच्या गरजूंना चष्मा, काठी, कानाचं यंत्र यांसाठी तीन हजार रुपये ठरले. चष्मा मिळाला, काठी मिळाली, एसटीत बसले. उतरून जायचं कुठे? तिथे कोण वाट बघतंय?

आमच्या वॉर्डात पालिकेने ज्येष्ठांसाठी एक चांगली खोली बांधली आहे. पंखे, खुर्च्या, कॅरम, दोन वर्तमानपत्रं. बाहेर पाटी: विरंगुळा केंद्र. अशी केंद्रं महाराष्ट्रातल्या कितीतरी शहरांत आहेत आणि ती बांधणाऱ्यांचा हेतू निर्मळ आहे. पण तो शब्द जरा जिभेवर घोळवून बघा. विरंगुळा कामातून मिळतो. आठ तास राबलेल्याला संध्याकाळी तासभर विरंगुळा. ज्याच्या दिवसात कामच उरलं नाही, त्याला सकाळी नऊपासून विरंगुळा म्हणजे काय? नाना तिथे आठ दिवस गेले. नवव्या दिवशी म्हणाले, "तिथे सगळे वेळ जाण्याची वाट बघत बसतात. ते मला घरीही जमतं."

आपल्या भाषेत यासाठी शब्द होता. 'घरात मोठं माणूस लागतं.' पूर्वी हे वाक्य सहज कानावर यायचं. बाळंतपण आहे, मोठं माणूस लागतं. पेरणीचा दिवस ठरवायचाय, मोठं माणूस लागतं. 'लागतं' यात उपकार नाहीत, कीव नाही. मीठ लागतं तसं. पण त्याच भाषेत 'साठी बुद्धी नाठी'ही आहे. आपण साठीशांत करतो, एक्याऐंशीला सहस्रचंद्रदर्शन करतो, पाटावर बसवून ओवाळतो, आणि दुसऱ्या दिवशी फोनचा पासवर्ड विचारला तर 'तुम्हाला नाही कळणार' म्हणतो. दोन्ही आपलंच आहे. अलीकडे पहिलं वाक्य मागे पडलंय आणि म्हण तेवढी शिल्लक राहिलीय. २०११ च्या जनगणनेत देशात साठीपुढची दहा कोटींहून जास्त माणसं होती. एवढ्या लोकांना आपण एका म्हणीच्या हवाली करून मोकळे झालो.

यावर माझ्या आईने जे सुनावलं ते इथे लिहायलाच हवं, कारण तिच्या म्हणण्यापुढे माझा मुद्दा अपुरा पडतो. मी हे सगळं तिला सांगत होते. ती मेथी निवडत होती. म्हणाली, "लागण्याचं कौतुक तुझ्या नानांना. मी कधी लागले नाही असं झालंच नाही. मला कोणी रिटायर केलं?"

खरं आहे. नाना अठ्ठावन्नाव्या वर्षी घरी बसले, आई त्या दिवशीही पाचला उठली होती. गाण्यातही बघा, तो फ्यूज दुरुस्त करणार, ती स्वेटर विणणार, म्हणजे तिचं काम काही सुटत नाही. आमच्या नात्यातल्या किती मावश्या सहा-सहा महिन्यांच्या व्हिसावर न्यू जर्सीला, बे एरियात लेकीसुनांची बाळंतपणं काढायला गेल्या. बर्फात घराबाहेर पडता येत नाही, भाषा येत नाही, बाळ झोपलं की खिडकीशी बसायचं. त्या लागतात, फार लागतात. पण कोणी त्यांना विचारलं होतं का, की तुला यायचंय का? म्हणून लागणं आणि राबवणं यातली रेघ मला अशी दिसते: ज्याला नाही म्हणता येतं, तो लागतो. ज्याला येत नाही, त्याला राबवलं जातं. गाण्यातला माणूस विचारतो. मला लिहून कळव, तुझं काय म्हणणं आहे ते सांग, असं शेवटी तो मैत्रिणीला म्हणतो. आपल्या घरांत बाईला असं पत्र कधी आलंच नाही.

आणि आरामाचं काय, असाही आक्षेप येईल. आयुष्यभर राबलेल्याने म्हातारपणीही उपयोगीच का पडायचं? अजिबात पडू नये, त्याला नको असेल तर. दुपारी झोपावं, नातवंडांशी पत्ते खेळावेत, काहीच करू नये. माझा राग आरामावर नाही. न मागता गळ्यात घातलेल्या आरामावर आहे. २०२२ च्या जूनमध्ये ऐंशी पूर्ण झालेला पॉल मॅकार्टनी ग्लॅस्टनबरीच्या संगीतमहोत्सवात तुडुंब गर्दीपुढे गायला. त्याला कोणी 'आता बसा' म्हटलं नाही, कारण तो प्रसिद्ध आहे. प्रसिद्ध माणसाचं म्हातारपण आपण चालवून घेतो. टर्नरचं नाही.

जिम मॅकार्टनींकडे परत येते, कारण या वडील-मुलात दोन्ही प्रश्नांची उत्तरं सापडतात. १९६४ साली पैसा आला तेव्हा पॉलने बासष्टाव्या वर्षीच वडिलांना नोकरी सोडायला लावली, हेस्वलला मोठं घर घेऊन दिलं, वाढदिवसाला शर्यतीचा घोडा भेट दिला. घोड्यांचा त्यांना नाद होता, ते सुखावले असणार. हे सगळं जेवू घालणं झालं, आणि भरभरून झालं. पण दहा वर्षांनी त्याने आणखी एक गोष्ट केली. जिमनी तरुणपणी एक चाल रचली होती, ती पॉल लहानपणापासून घरात ऐकत आला होता. ते स्वतःला संगीतकार समजत नसत. चाल लिहिलेली नाही, नुसती जुळवलेली आहे, असं ते म्हणायचे. १९७४ साली अमेरिकेत नॅशव्हिलला असताना पॉलने ती चाल, 'वॉकिंग इन द पार्क विथ एलॉइझ', मुद्रित केली. गिटारवर चेट ॲटकिन्स, पियानोवर फ्लॉइड क्रेमर, म्हणजे त्या शहरातले सगळ्यात मोठे वादक. रेकॉर्ड बाजारात आली. जिम तेव्हा बहात्तर वर्षांचे होते. दोनेक वर्षांनी, मार्च १९७६ मध्ये ते गेले. घोडा आणि ही चाल यांत मोठी भेट कोणती, हे मला सांगता येईल. घोडा मुलाकडून वडिलांकडे आला. चाल वडिलांकडून मुलाकडे गेली. देण्यासारखं काही आपल्याकडे अजून आहे, आणि ते घ्यायला कोणी हात पुढे केलाय, हे बहात्तराव्या वर्षी कळणं!

आमच्याकडे काय झालं ते सांगते. गेल्या महिन्यात सोसायटीच्या सी विंगला दोन दिवस पाणी नव्हतं. पंप चालू, टाकी भरलेली, नळ कोरडे. प्लंबर म्हणून आलेला मुलगा पंचविशीचा असेल. त्याने खूप शोधलं. शेवटी वॉचमन वर येऊन म्हणाला, आजोबांना विचारू का, ते बिल्डिंग बांधली तेव्हापासून इथे आहेत. नाना चप्पल घालून खाली गेले, मी मागोमाग. त्यांनी काही न बोलता लोखंडी पाइपवर तळहात ठेवला, थोडं पुढे जाऊन पुन्हा ठेवला, आणि मग जिन्याखालच्या फरशीकडे बोट दाखवून म्हणाले, "इथे एक व्हॉल्व्ह आहे. फरशी नंतर बसवलीय." फरशी उचलली. होता. गंजून अर्धा मिटलेला. मुलाने पाना लावला तर नाना म्हणाले, "उलटा फिरव आधी, अर्धा आटा. मग सुलटा. नाहीतर मान तुटेल." व्हॉल्व्ह सुटला. मुलाने विचारलं, "काका, हात लावून कसं कळलं?" नाना त्याला पाऊण तास सांगत बसले. ज्या अंगठ्यावर मशीनला एक रेष सापडली नव्हती, त्याला पाइपातलं पाणी कळत होतं.

असे किती हात या औद्योगिक पट्ट्यात रिकामे बसलेत! टर्नर, फिटर, पॅटर्नमेकर, वाइंडर. आयटीआयमध्ये हेच ट्रेड शिकवले जातात. आठवड्यातून दोन सकाळी या माणसांना तिथे बोलवायला काय अडचण आहे? तरुणांच्या नोकऱ्या जातील म्हणणाऱ्यांना सांगते, मी नोकरी मागत नाहीये. जपानमध्ये १९७० च्या दशकात टोकियोत साठीपुढच्यांना थोडंफार काम मिळवून देणारी केंद्रं सुरू झाली, १९८६ च्या कायद्याने ती देशभर मान्य झाली. सायकलतळ सांभाळणं, बागेची छाटणी, घराच्या सरकत्या दारांना नवा कागद चिकटवणं, अशी थोड्या तासांची, थोड्या मोबदल्याची कामं. ज्याला हवं तो नाव नोंदवतो, ज्याला नको तो नोंदवत नाही. आमच्या विरंगुळा केंद्रात एका कोपऱ्यात टेबल, एक व्हाइस म्हणजे वस्तू घट्ट पकडायचा शिकंजा, आणि नट फिरवायचे चार पाने ठेवायला फार खर्च नाही. मिक्सर, इस्त्री, शिलाई मशीन घेऊन लोक येतील. शिकायला पोरं येतील. मी वॉर्ड ऑफिसात तसा अर्ज दिला आहे, वीस सह्यांसह. त्यातल्या सात सह्या पंचविशीच्या आतल्यांच्या आहेत, आणि त्या मी मुद्दाम मागून घेतल्या.

हयातीचा दाखला सोमवारी मिळाला, डोळ्यांच्या मशीनवर. नानांनी आता एका जुन्या वहीत सोसायटीच्या सगळ्या पाइपांचा नकाशा काढायला घेतलाय. तो प्लंबर मुलगा रविवारी येतो, त्याला ते पेन्सिलीने दाखवतात. आईला त्यांनी विचारलं, तू पण येतेस का खाली? ती नाही म्हणाली, मला मालिका बघायचीय. बी विंगच्या मागचा एक व्हॉल्व्ह अजून नानांना आठवत नाहीये. येत्या रविवारी तिथली फरशी उचलणार आहेत.